टायब्रेकरच्या वेळी दादा कुठे बघत होता

कारखान्याचा बॉयलर पेटला की पंधरवड्याच्या आत आमच्या मैदानावर चुन्याची फक्की पडते. एकीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग पार कुंडलच्या रस्त्याला जाऊन भिडते, ट्रॉल्यांमागून सांडलेलं वाढं, उसाचे हिरवे शेंडे, जनावरांसाठी गोळा करत बायका फिरतात, मळीचा आंबूस वास सकाळच्या धुक्यात मुरून बसतो. आणि दुसरीकडे कारखान्याच्या वसाहतीच्या मैदानावर कुणीतरी दोरी ताणून पांढऱ्या रेघा मारत असतो. त्या रेघा दिसल्या की गावातल्या म्हाताऱ्या पुरुषांच्याही अंगात वारं शिरतं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकते. आता स्पर्धा संपेपर्यंत रोज माझ्या भावाचं नाव निघणार, हे मला कळून चुकतं.

माझी पिठाची गिरणी मैदानाच्या फाटकासमोर आहे आणि गिरणीच्या दाराला लागूनच बाळूची चहाची गाडी. गिरणी चालू असली की मला बाहेरचं काही ऐकू येत नाही, असा त्या गाडीवर बसणाऱ्यांचा समज आहे. लग्न होऊन मी या गिरणीत आले त्याला उभा जन्म झाला. आत गहू पडलाय की शाळू, हे मी नुसत्या आवाजावरून सांगते. त्याच आवाजातून माणसांचं बोलणं चाळून घ्यायला असं काय लागतं? उलट दादाचं नाव निघालं की त्यांचा आवाज खाली येतो, आणि आवाज खाली आला की माझे कान आपोआप तिकडे जातात.

गाडीवरची मुख्य असामी म्हणजे आप्पा. कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेले, आता ऐंशीला टेकलेले. वसाहतीच्या संघाचा एकही सामना त्यांनी चुकवलेला नाही, असं ते स्वतः सांगतात. त्यांच्यासमोर नामदेव. हा मूळचा आटपाडीकडचा, मेंढरांमागं वाढलेला; इकडे येऊन त्यानं ट्रॅक्टर घेतला आणि ऊसवाहतुकीत रमला. ज्या फायनलींवरून हे दोघे हमरीतुमरीवर येतात, त्यांतली एकही नामदेवनं पाहिलेली नाही. पण न पाहिलेल्या गोष्टीवर माणूस जितक्या ठामपणे बोलतो तितका पाहिलेल्यावर बोलत नाही.

आमच्या संघाचे दिवस खरोखरच होते. कोल्हापूरहून आलेल्या फिटर-टर्नर मंडळींनी वसाहतीत फुटबॉल आणला, आणि ऊस सोडला तर दुसरं काही न पिकवणाऱ्या या गावानं तो उचलून धरला. मी लग्न होऊन आले तेव्हा हंगामी स्पर्धेची शील्ड गावाबाहेर जाते, हेच कुणाला माहीत नव्हतं. ऑफिसाच्या भिंतीवर तिच्यासाठी कायमचा खिळा होता. मग ओळीनं तीन हंगाम आम्ही फायनलला हरलो, तिन्ही वेळा साताऱ्याच्या संघाकडून, तिन्ही वेळा अगदी ओठाशी आलेला घास गेला. त्यानंतर यंदापर्यंत संघानं फायनल पाहिलीच नाही. खिळा तेवढा राहिला.

"पहिल्या वर्षी पंचानं घालवली," आप्पा सुरुवात करतात. दर वर्षी तिथूनच. "चांगला गोल झालेला, ह्यानं ऑफसाइड दिला. त्या पंचाची सासुरवाडी साताऱ्याची. मी सोता चौकशी केलीया."

"आन् दुसऱ्या वर्षी?" नामदेव विचारतो, जणू पहिल्यांदाच ऐकतोय.

"दुसऱ्या वर्षी रस्सा. आदल्या दिवशी जेवणात कायतरी पडलं. तीन गडी पोट धरून खेळले. आन् तो आचारी पुढं कुठं गेला? साताऱ्यात खानावळ काढून बसला. आता बोल."

"आवं, पण त्याची बायकू साताऱ्याची हुती म्हणत्यात."

"तेच म्हणतुया न्हवं मी."

बाळू दुधाला उकळी आणतो. आणि नामदेव, आवाज खाली आणून, "आन् तिसऱ्या वर्षी?" म्हणतो. मी जात्याचा घास कमी करते. दळण सावकाश पडायला लागतं.

मला कधी कधी वाटतं, या माणसांना हरण्याचं दुःख नाहीच. हरणं पचतं. आपल्यापेक्षा साताऱ्याची पोरं त्या दिवशी चांगली खेळली, एवढी साधी गोष्ट मात्र घशाखाली उतरत नाही. त्यापेक्षा आपल्यातलाच एखादा फितूर निघालेला बरा. फितूर सापडला की आपण हरलेलोच नसतो, आपल्याला हरवलेलं असतं. संशय ही मोठी सोयीची वस्तू आहे. हे मी शहाणपणानं सांगत नाही. मी स्वतः पक्की संशयी बाई आहे. मापाला दळण टाकून गेलेली बाई परत येईपर्यंत माझं मन चार वेळा विचारतं की ही पीठ कमी आलं म्हणून भांडणार तर नाही. म्हणून मला या लोकांचा राग येतो तेव्हा थोडा स्वतःचाही येतो.

तिसऱ्या वर्षीचा तो हंगाम मला वासासकट आठवतो. त्या वर्षी थंडी लांबली होती. शेतांत पाचट पेटवायचे, त्याची काळी राख दुपारभर मैदानावर उतरायची आणि खेळणाऱ्यांच्या पांढऱ्या बनियनींवर बसायची. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ सुधाकर, आमचा गोलकीपर. खेळाच्या जोरावरच त्याला कारखान्यात काम लागलं होतं. सकाळी कामावर जाताना तो गिरणीत डोकावायचा, भिंतीवरची पिठाची धूळ तळहातांना चोळायचा आणि म्हणायचा, "आता निसटणार न्हाई." मी त्याच्यावर ओरडायची, कारण त्या पांढऱ्या हातांनी तो हमखास माझा गाल ओढायचा. लग्न झालेल्या बहिणीला भरल्या गावात असं करतात का?

मैदानाच्या मावळतीला दगडी भिंत आहे आणि भिंतीच्या पायाशी पायऱ्या. दुपारनंतर तिथं सावली येते. बायकांना सावली म्हणून ती जागा, आणि पाहुण्यांना मान म्हणूनही तीच. त्यामुळे साताऱ्याचे पाठीराखे आणि आम्ही बायका शेजारीशेजारी बसलेलो. भिंतीच्या वर पाय सोडून माणसांची दाटी. ढोल, हलगी, शिट्ट्या. खेळ बरोबरीत सुटला आणि टायब्रेकर लागला. एकेकानं येऊन गोलावर मारायचं, मध्ये फक्त गोलकीपर. दादानं आधीचे दोन अडवले होते. शेवटचा तेवढा अडवला की शील्ड हातची जाणार नव्हती. साताऱ्याचा गडी धावत आला, आणि त्याच क्षणी दादानं मान वळवली. चेंडूकडून थेट भिंतीकडे. त्याचा डावा हात अर्धवट वर आला. चेंडू काही फार जोरात नव्हता; पोत्यातून धान्य घरंगळावं तसा त्याच्या उजव्या बाजूनं आत गेला.

सगळे त्याच्यावर धावले. "का रं? तिकडं कुणाकडं बघत हुतास?"

"जमीन हलली," दादा म्हणाला.

हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. आमचे वडील कोयनेच्या प्रकल्पावर फिटर होते. आम्ही दोघं कोयनानगरच्या कॉलनीत वाढलो. तिथं भूकंपाचा धक्का ही पाहुण्यासारखी गोष्ट. केव्हाही येते, बहुतेक वेळा दारातूनच परत जाते. मोठा असेल तर पेपरात येतो, बारके नुसते तळपायांना कळतात. बाहेरून आलेला पाहुणा गप्पा मारत असायचा आणि घरातली सगळी एकदम थांबून एकमेकांकडे बघायची. पाहुण्याला वाटायचं, आपलं काही चुकलं की काय. पण इथं कृष्णाकाठच्या काळ्या रानात वाढलेल्यांना हे काय ठाऊक? एवढ्या माणसांत एकाच्याही पायाला काही जाणवलं नव्हतं.

गर्दीतून वाट काढत आप्पा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. तेव्हा ते भरदार होते, मिशा काळ्या होत्या. "शालन, तू बी कोयनेची. खरं सांग. तुला जाणवलं का?"

सगळे माझ्याकडे वळले. दादाही गोलापासून माझ्याकडे बघत होता. मी मनातल्या मनात मागे जाऊन पाहिलं. पाय पायरीवर होते, चपला काढलेल्या होत्या. काहीसुद्धा जाणवलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणाले. खरं तेच बोलले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी वाचनालयात जाऊन पेपर चाळले. कुठेही ओळ नव्हती. झालं. मग कुणाच्या हातून कप सांडला तरी "जमीन हलली व्हय रं?" असं विचारायची गावाला सवय लागली. कुणीतरी आठवण काढली की फायनलच्या आधी सुधाकर कराडच्या स्टँडवर साताऱ्याच्या कॅप्टनबरोबर चहा पिताना दिसला होता. भिंतीखाली साताऱ्याचेच लोक बसले होते, हेही मग लोकांना आठवलं. खूण करायला तो तिकडे बघत होता, चेंडू त्यानं मुद्दाम सोडला म्हणे. हंगाम संपून बॉयलर थंड व्हायच्या आत दादानं काम सोडलं आणि तो कोयनानगरला परतला. तिथं त्यानं पाण्याच्या मोटारींच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. लग्नामुंजीला, सुतकाला येतो, संध्याकाळच्या गाडीनं जातो. हंगामात कधी आला नाही.

मी त्याच्या बाजूनं सगळ्यांशी भांडले. आजही भांडते. पण भांडताना आतून एक बारीक आवाज यायचा: कोयनेच्या माणसाच्या पायांना चूक होत नाही, जमीन हलली असती तर तुला कळलं असतं. म्हणजे दादा खोटं बोलला. म्हणजे मग तो चहा नुसता चहा नव्हता. त्याला मात्र मी हे कधीच विचारलं नाही. राखीला गेले, भाऊबीजेला ओवाळलं, निरांजनाच्या उजेडात त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते शोधलं, आणि तबक खाली ठेवलं. आमचे हे तर या विषयावर कधी एक अक्षर बोलले नाहीत. बोलणाऱ्याचं मला काही वाटत नाही, गप्प बसणाऱ्याचा जास्त संशय येतो.

यंदा संघ फायनलला गेला. गावात फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी आप्पा चक्क गिरणीत आले. एवढ्या वर्षांत कधी उंबरा ओलांडला नव्हता त्यांनी. काठी दाराला टेकवून म्हणाले, "शालन, फायनलच्या आधी जुन्या खेळाडूंचा सत्कार करायचा ठरलाय. सुधाकरला बी बोलवायचं."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? खेळलाय की त्यो."

मी पट्टा बंद केला. जातं थांबेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले. ही माणसं उगाच गोड बोलत नाहीत. माझ्या डोक्यात लगेच हिशेब जुळला: इतक्या वर्षांनी फायनल आली आहे, हरायची भीती आहे, आणि हरलो तर नाव घ्यायला माणूस समोर हवा. पंच वारला, आचारी वारला. उरलाय तो दादाच.

आप्पांना माझा चेहरा वाचता आला असावा. ते म्हणाले, "खरं सांगू? मला मरायच्या आधी एकदा कळलं पायजे. माझं पाय आता चालत न्हाईत, न्हाईतर म्याच गेलो असतो. तू जा. तुला खरं सांगंल त्यो."

ही सत्काराच्या शालीतून आलेली चौकशी होती तर. तरीही मी निघाले, कारण जे त्यांना हवं होतं तेच मलाही हवं होतं.

कराडला गाडी बदलली. पाटण मागे पडलं की रस्ता नदीच्या बाजूनं वळायला लागतो, झाडी जवळ येते, हवा पातळ आणि थंड होते.

दादाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच आहे. उन्हात खुर्ची टाकून तो मोटारीत तांब्याची तार भरत बसला होता. केस पार पिकलेत, हात मात्र तेच, रुंद. वहिनी सुपात पावटा सोलत होती. मी पाणी प्याले आणि सत्काराचं सांगितलं.

"कशाला बोलवत्यात?" दादा तारेवरून मान न काढता म्हणाला. "हरलं तर नाव घ्यायला माणूस पायजे आसंल."

मला हसू आलं. एका आईच्या पोटची आम्ही. वहिनी म्हणाली, "दोघांचं डोस्कं एकाच घाण्यातनं काढलंया." मीही तिच्या सुपातला पावटा सोलायला घेतला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, उसाचं, थंडीचं, माझ्या गुडघ्यांचं. आता विचारायचं, आता विचारायचं, असं करत मी तीन-चार शेंगा उगाच चुरगाळल्या.

दादा मोटारीच्या बेअरिंगविषयी काहीतरी सांगत होता. मध्येच थांबला. त्याची मान सर्रकन माझ्याकडे वळली आणि डावा हात पुढे आला, बोटं पसरलेली, मनगट धरायला निघाल्यासारखी.

"काय झालं?" मी विचारलं.

वहिनी सूप धरून स्तब्ध होती. बाकावर डब्याच्या झाकणात ठेवलेले स्क्रू किणकिणत होते. शेजारच्या घरातून एक बाई ओरडली, "वहिनी, जाणवला का?"

"गेला, गेला," वहिनीनं उत्तर दिलं आणि पुढची शेंग उचलली.

मला काहीही जाणवलं नव्हतं. पाय जमिनीवर होते, चपला दारात. स्क्रू थांबले तरी मी त्या झाकणाकडेच बघत होते.

दादाचा हात अजून तसाच होता. त्याला ते कळलं तेव्हा तो ओशाळला आणि त्यानं हात पुसायचं फडकं उचललं. आणि मला आई आठवली. जमीन हलली की आईचा एकच हुकूम असायचा: सुधाकर, आधी धाकटीला घे, मग बाहेर. तो झोपेत असला तरी त्याचा डावा हात आधी माझ्या अंथरुणाकडे यायचा. दारं उघडी, बाहेर अंगणात सगळी कॉलनी, आणि माझं मनगट त्याच्या मुठीत दुखत असायचं.

"दादा," मी म्हणाले, "त्या दिवशी तू कुणाकडं बघत हुतास?"

त्यानं विचारलं नाही, कुठल्या दिवशी. "तुझ्याकडं. आनि कुणाकडं बघणार? भिंतीखाली बसलेलीस, वर एवढी माणसं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगू? जमीन हलली म्हटलं त्येवर कुणी इस्वास ठेवला न्हाई, ह्येच्यावर ठेवला असता? आन् खरं म्हंजे हलली का न्हाई, मला बी आता सांगता येत न्हाई. ढोल वाजत हुतं. कवा कवा वाटतं, ढोलच असंल."

"मला जाणवलं न्हवतं. आत्ता बी न्हाई जाणवलं."

"ठाव हाय मला. तू गिरणीत उभी ऱ्हातीस. दिवसभर तुझ्या पायाखालची फरशी थरथरती. तुझ्या पायांस्नी काय कळणार?" तो तार ओढत होता. "ते मला तवाच कळलं हुतं, तू न्हाई म्हणालीस तवाच."

"मग चारचौघांत बोलायचं हुतंस की."

"तू खरं ते बोललीस. तुला खोटं पाडून मी खरा होऊ व्हय?"

मी रडले. वहिनी शेंगा सोलतच राहिली, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. परतीच्या गाडीत सगळा रस्ता मी माझ्या पायांकडे बघत बसले होते. ज्यांच्या भरवशावर मी भावावर संशय घेतला ते हेच दोन पाय.

दादा येणार आहे. हार-शाल नको, नुसती फायनल बघतो, म्हणाला. काल सकाळी मी गिरणी उघडायला गेले तेव्हा गाडीवर आप्पा आणि नामदेव आधीच येऊन बसले होते. आप्पांनी माझ्यासाठी चहा सांगितला. हेही पहिल्यांदाच.

"इचारलंस?"

"इचारलं. तो माझ्याकडं बघत हुता."

नामदेव बशीत चहा ओतता ओतता थांबला. "बहीणच म्हटल्यावर, अक्का, तुमी आसंच म्हणणार."

"म्हणीन. जमीन हलली का न्हाई ते त्याला सांगता येत न्हाई. मला तर न्हाईच न्हाई. पण हलली आसं त्याला वाटलं, आन् वाटल्याबरुबर त्यानं आधी मला बघितलं. म्होरं चेंडू हुता, शील्ड हुती, सगळं गाव हुतं. तरी मला बघितलं."

आप्पांनी कपातला उरलेला चहा संपवला. मग त्यांची मान हळूहळू हलली. इतक्या वर्षांचा खटला निकाली निघाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"म्हंजे सोडलाच की त्यानं चेंडू," ते म्हणाले.

याच एका शब्दावरून मी या गावाशी आयुष्यभर भांडत आले.

"व्हय, आप्पा," मी म्हणाले. "माझ्यासाठी सोडला." आणि पट्टा चढवायला आत गेले.